साळवेभाऊंचा लाल ठिपका

साळवेभाऊंच्या शर्टाच्या खिशात मी कधी पेन पाहिलं नाही. तिथे व्हर्निअर कॅलिपर असायचा, सहा इंची, कातडी म्यानात घातलेला. सही करायची वेळ आली की ते समोरच्याकडे पेन मागायचे, पण मापासाठी त्यांनी आयुष्यात कुणापुढे हात पसरला नसेल. सोसायटीतल्या एका लग्नात पंगतीला बसल्यावर त्यांनी पानातले दोन लाडू मोजले आणि वाढप्याला शांतपणे सांगितलं, "तीन मिलिमीटरचा फरक आहे. आचाऱ्याचा हात अजून बसलेला नाही." वाढपी नेमका नवरीचा मामा निघाला. पुढचे चार महिने ते घर भाऊंशी बोलत नव्हतं आणि भाऊंच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत, नदीच्या बाजूला आमची बिल्डिंग. तीन मजली, लिफ्ट नाही. मी दुसऱ्या मजल्यावर आणि साळवे माझ्या डोक्यावर, तिसऱ्या. मी अंबरनाथच्या एका शाळेत गणित-विज्ञान शिकवायचे म्हणून ते मला 'मॅडम' म्हणायचे. मी त्यांना भाऊ म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला, सुमनला, वहिनी. भाऊ अंबरनाथच्याच एका कारखान्यात टूलरूमचे इन्स्पेक्टर होते. तयार झालेला प्रत्येक साचा त्यांच्या टेबलावर यायचा. ते तो मोजायचे आणि पास झाला की मुख्य स्क्रूवर ब्रशने लाल रंगाचा एक ठिपका द्यायचे, अर्धा स्क्रूच्या डोक्यावर आणि अर्धा बाजूच्या धातूवर. मागाहून कुणी स्क्रू फिरवला तर ठिपका फुटणार. ठिपका शाबूत असला म्हणजे हे माप कुणीतरी जबाबदारीने तपासलंय, त्याला हात लावायचा नाही. "एकतीस वर्षांत मी दुसऱ्याचा ठिपका फोडला नाही," हे ते असं सांगायचे, जसं बाकीचे लोक आपण कधी दारूला शिवलो नाही म्हणून सांगतात.

त्यांचं दुसरं पालुपद 'गो, नो-गो'चं. कारखान्यात भोक तपासायला एक दांडी असते. तिचं एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. एवढ्यावर माल पास किंवा नापास. भाऊंनी सगळं जग या दांडीवर तपासायला घेतलं होतं. भाजीवाल्याची वांगी, नगरसेवक, माझ्या भाचीला सांगून आलेली स्थळं. "मॅडम, गो की नो-गो? मधलं काही नसतं." मधलं पुष्कळ असतं हो, असं मी म्हटलं की ते नुसते हसायचे.

पूर्वी ते तळमजल्यावर राहायचे. एका पावसाळ्यात नदी घरात शिरली, पलंगावरून वाहिली, भाऊंचा जुना रोलचा कॅमेरा, पुस्तकं, गाद्या सगळं चिखलात गेलं. पाणी ओसरल्यावर वहिनींनी जाहीर केलं की या घरात मी पुन्हा झोपणार नाही. भाऊंनी खटपट करून तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. आता काय वाटेल तेवढं पाणी येऊ दे, असं म्हणत वहिनींनी बिल्डिंगभर पेढे वाटले. त्यानंतर दोन वर्षांनी त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं जड झालं. ज्या जिन्यांनी पाण्यापासून वाचवलं त्याच जिन्यांनी त्यांना वर कोंडून टाकलं. दवाखान्यातून आणलं तेव्हा चौघांनी चादरीत घालून चढवलं होतं आणि मधल्या वळणावर त्या घसरता घसरता वाचल्या होत्या. त्या धसक्यात वहिनींनी पुन्हा खाली उतरायला साफ नकार दिला.

भाऊंनी लगेच स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि वहिनींना उतरवायला एक खुर्ची बनवली. ॲल्युमिनियमची, पुढे-मागे दांड्या, खाली चार चाकं. जिन्याची प्रत्येक पायरी व्हर्निअरने मोजून बनवलेली. चाचणीला वजन म्हणून मला बसवलं, कारण वहिनींचं आणि माझं वजन सारखं आहे असं त्यांचं निरीक्षण होतं. मी विचारलं नव्हतं. पुढे भाऊ, मागे वॉचमन, मध्ये मी दहावीचे पेपर छातीशी धरून. पहिला जिना झकास उतरलो. वळणावर खुर्ची आली आणि अडकली. खुर्ची बसत होती, पण ती धरणाऱ्यांची कोपरं आणि वॉचमनचं पोट यांना जागा नव्हती. मागे घ्यावी तर चाकं कठड्यात. भाऊ भिंत आणि दांडी यांच्यामध्ये उभे होते, हात वर, आणि पुटपुटत होते, "माणसं मोजायची राहिली." पाऊण तास मी तशी लटकले होते. शेवटी मला कठड्यावरून पलीकडे ओढून काढलं. वरून वहिनींचा आवाज आला, "नो-गो का हो?" आणि त्यांचं ते अर्ध्या तोंडाचं हसणं. भाऊ मात्र हसले नाहीत. ते खुर्ची उचलून घरात गेले आणि तिच्यावर कपडे वाळत घालायला लागले.

वहिनींना खाली न्यायची भाऊंची एवढी धडपड का, तर नदीपलीकडे त्यांचं माहेर होतं. खिडकीत उभं राहिलं की समोर नदी, पलीकडच्या काठावर झाडं आणि झाडांमागे चार-पाच घरांचा पुंजका. त्यातलं पत्र्याचं, पुढे ओटा असलेलं घर वहिनींच्या भावाचं, बाळूचं. घरात त्यांची ऐंशी ओलांडलेली आई. सरळ रेषेत चारशे मीटर, हे भाऊंचं माप. रस्त्याने पुलावरून वळसा घालून रिक्षाने अर्धा तास. पूर्वी वहिनी दर रविवारी जायच्या. झटक्यानंतर बाळूने म्हातारीला एकदा रिक्षात घालून आणलं. गुडघ्यांनी तिला पहिल्या पायरीवरच जाब विचारला. ती वॉचमनच्या खुर्चीत बसली, वहिनी वर पलंगावर. खिडकी नदीच्या अंगाला आणि बिल्डिंगचा दरवाजा उलट्या अंगाला, म्हणजे नजरेलाही नजर नाही. बाळूच्या मोबाईलवर दोघी बोलल्या, पण बोलण्यापेक्षा रडल्याच जास्त. जाताना म्हातारी म्हणाली, "बाळ्या, मना परत आनू नको रं. लेक डोक्यावर हाये नि दिसत नाय. त्यापरीस माझी पल्याडची वटी बरी."

त्या दिवशी संध्याकाळी भाऊ माझ्याकडे आले. व्हर्निअर खिशात नव्हता. "मॅडम, हिला आई दाखवायची," एवढंच म्हणाले.

त्यांच्याकडे एक लेन्स होती. तरुणपणी उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये किशनशेठ नावाच्या सिंधी दुकानदाराकडून घेतलेली रशियन टेलिफोटो, तीनशे मिलिमीटरची. दुधाच्या लहान कॅनएवढी, हाताने फिरवायची, बॅटरी नाही, मोटर नाही, वजन असं की उचलली की मनगट कुरकुरायचं. पुराच्या वेळी कपाटाच्या माथ्यावर होती म्हणून वाचली. आत एका काचेवर बुरशीचा बारीकसा कोळी बसला होता, तो भाऊ म्हणायचे, फोटोत येत नाही. रोलचा कॅमेरा घेऊन उपयोग नव्हता. वहिनींना मान वाकवून भोकातून बघता येत नव्हतं, आणि रोल धुवून येईपर्यंतची आई त्यांना नको होती. "मला आत्ताची आई पाहिजे," त्या म्हणाल्या. मागे पडदा असलेला डिजिटल कॅमेरा तेव्हा आमच्या भागात नवा नवाच दिसू लागला होता. किशनशेठने कुणी तरी विकायला ठेवलेला एक काढून दिला आणि बजावलं, "साईं, लेन्स तुम्हारा रशियन, कॅमेरा जपानी. दोनों की शादी नहीं होगी. बीच में रिंग लगेगा, बम्बई से मँगाना पडेगा."

"रिंग मी बनवतो," भाऊ म्हणाले. एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढलेल्या माणसाने रिंग मुंबईहून मागवायची म्हणजे आचाऱ्याने हॉटेलातून वरण आणण्यासारखं झालं असतं.

अंबरनाथच्या इंडस्ट्रियल एरियात त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याचं वर्कशॉप होतं. शनिवारी दुपारी शाळा सुटली की मी वहिनींपाशी बसायचे आणि भाऊ दोन तास लेथवर जायचे. पहिली रिंग आली ती इतकी देखणी होती की वहिनी म्हणाल्या, लग्नात अशी का नाही घातलीत. एका बाजूला लेन्सचे आटे, दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्यात बसायचे तीन कान. लेन्स बसली. कॅमेरा चालू केला तर त्याच्या पडद्यावर आलं की लेन्स लावलेलीच नाही. दोन किलोचं धूड पुढे लोंबतंय आणि हा म्हणतो लेन्स नाही. उजेडाचं मापही तो घेईना. भाऊ खूश झाले. "नको घेऊ दे. उजेड मी मोजतो," म्हणाले, आणि वहीत अंदाज लिहून एकेक फोटो काढून बघत बसले.

रविवारी चार वाजता म्हातारीने ओट्यावर बाजेवर येऊन बसायचं, असं बाळूशी फोनवर ठरलं. चार वाजता ऊन भाऊंच्या पाठीशी असायचं आणि पलीकडचा ओटा उजळायचा. भाऊंनी खिडकीच्या ग्रिलचा एक चौकोन करवतीने कापून लेन्सपुरतं भोक केलं होतं. लेन्सवरचं कडं त्यांनी शेवटच्या खुणेपर्यंत फिरवलं. तिथे आडवा आठ कोरलेला असतो, अनंताचा. त्यापुढे कडं फिरत नाही, कारण आत एक बारीक स्क्रू त्याला अडवतो. फोटो काढला आणि कॅमेरा वहिनींच्या तोंडासमोर धरला. पडद्यावर हिरवट ढग, त्यात पांढरा डाग. वहिनी बराच वेळ बघत राहिल्या आणि समजुतीने म्हणाल्या, "धुकं आहे आज." कडक ऊन पडलेलं होतं.

"रिंग जाड झाली," भाऊ म्हणाले. "पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी दुसरी रिंग, मिलिमीटरच्या एक दशांशाने पातळ. मग तिसरी. बिस्किटाच्या डब्यात रिंगा साठू लागल्या. दर रविवारी म्हातारी नेसून-सवरून बाजेवर बसायची, बाळूचा फोन यायचा, "दिसली का?", आणि भाऊ म्हणायचे, "थोडक्यात राहिली." दिसत काय होतं, तर आमच्या डाव्या हाताची बिल्डिंग. ती मात्र लख्ख. वाळत घातलेल्या टॉवेलचा धागा न् धागा मोजून घ्यावा. तिथल्या दुसऱ्या मजल्यावरचे तावडे बनियनवर गॅलरीत बसून काडीने दात कोरत, तेही तितकेच लख्ख. एका रविवारी तावड्यांना नळकांडं आपल्याकडे वळलेलं दिसलं आणि ते तरातरा तीन जिने चढून आले.

"लोकांच्या घरात कॅमेरे लावता? बायका-मुली आहेत आमच्याकडे! पोलिसात देईन!"

एकतीस वर्षं निर्मळ काढलेल्या माणसावर असला आळ. आतून वहिनींचा जड आवाज आला, "अहो तावडे, तुमचं तोंड बघायला कोण एवढा खटाटोप करील? इकडं या, आतमध्ये." तावडे आत गेले. पलंग, औषधं, खिडकीचं भोक, बिस्किटाचा डबा त्यांनी पाहिला. वहिनींनी त्यांना ते ढगातले पांढरे डाग दाखवले आणि सांगितलं, ही माझी आई. तावडे खाली मान घालून गेले. तरी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघालाच, आणि कॅमेरा फक्त रविवारी चार ते साडेचार खिडकीत यावा असा ठराव झाला. भाऊंनी तो लिहून घेतला आणि मिनिटभरही मोडला नाही. मला त्या मीटिंगमध्ये उभं राहून चार शब्द सुनवायला हवे होते. मी उत्तरपत्रिका तपासत बसले होते, याची लाज मला आजही वाटते.

सातव्या रिंगेच्या वेळी शनिवारी वहिनी मला म्हणाल्या, "मॅडम, माझी आई पिकलं पान आहे. हे रिंगा करत बसतील आणि ती जाईल. तुम्ही गणितवाल्या ना? बघा की जरा." दहावीला मी दरवर्षी भिंगाचं सूत्र फळ्यावर लिहायचे, आणि माझ्या डोक्यावर सात आठवडे तेच सूत्र बोंबलत होतं, पण मला ऐकू आलं नव्हतं. मी कागद घेतला. लेन्स तिच्या जागेपासून जितकी पुढे ढकलली जाईल तितकं तिचं बघणं जवळ येतं. तीनशेचा वर्ग भागिले जादाचे मिलिमीटर, त्यापलीकडे तिला दिसत नाही. भाऊ आल्यावर मी विचारलं, "भाऊ, पुरात गेलेल्या तुमच्या जुन्या कॅमेऱ्याची खोली किती होती? लेन्सच्या तोंडापासून फिल्मपर्यंत?"

त्यांनी माळ्यावरून गंजलेला कॅमेरा काढला आणि मोजली. साडेपंचेचाळीस. "आणि या नव्याची?" त्यांनी किशनशेठला फोन लावला. त्याने कॅटलॉग बघून सांगितलं, साडेशेहेचाळीस. भाऊ फोन धरून तसेच उभे राहिले. त्यांनी सातही रिंगा मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजल्या होत्या, पण ज्या दोघांच्या मध्ये त्या बसायच्या होत्या त्यांची वजाबाकी केली नव्हती.

मला तिथेच थांबता आलं असतं. पण गणिताच्या बाईला उत्तराखाली दोन रेघा ओढल्याशिवाय चैन पडत नाही. मी म्हटलं, "मूळचाच एक मिलिमीटर जास्त आहे, वर तुमची रिंग एक. म्हणजे पंचेचाळीस मीटरपुढे ही लेन्स बघणार नाही. तावड्यांची गॅलरी. आणि रिंग शून्य जाडीची केलीत तरी नव्वद. म्हणजे नदीच्या पाण्यात."

"मग?"

"लेन्स आत सरकायला हवी. अनंताच्या खुणेपुढे कडं फिरलं पाहिजे."

त्यांनी लेन्स उचलली, कड्याखालची पट्टी सरकवून आतला तो अडवणारा स्क्रू मला दाखवला. त्याच्या डोक्यावर लाल रंगाचा एक जुना ठिपका होता, अर्धा स्क्रूवर आणि अर्धा धातूवर.

"कुणीतरी तपासून दिलाय मॅडम. रशियात. माझ्यासारखाच कुणी तरी असणार. तो मी कसा फोडू?"

मला राग आला. "भाऊ, तिकडे म्हातारी बसलीय आणि तुम्ही ठिपक्याचं काय घेऊन बसलात?" असं मी त्यांच्या घरात, त्यांच्या बायकोसमोर म्हणाले. त्यांनी डब्यात सातवी रिंग टाकली, झाकण लावलं आणि मला दारापर्यंत सोडायला आले. त्यानंतर आठ दिवस मला त्यांचा आवाज आला नाही. जिन्यात भेटले तर भिंतीला चिकटून वाट द्यायचे. शनिवारी मी वर गेले तर ते म्हणाले, आज लेथवर जायचं नाही. मीही तोऱ्यात खाली आले.

रविवारी चारला दहा कमी असताना त्यांनी वरून जमिनीवर मुसळ आपटावं तसं काही आपटलं. मी धावत गेले. वहिनी बऱ्या होत्या. भाऊ खिडकीपाशी लेन्स मांडीवर घेऊन बसले होते, हातात घड्याळजीचा स्क्रूड्रायव्हर. कपाळावर घाम. "मॅडम, तुम्ही हजर राहा," ते म्हणाले, "एकट्याने फोडवत नाही." मी पाहत असताना त्यांनी स्क्रू फिरवला. रंगाची एक टिकली तुटून त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर पडली. त्यांनी ती बोटाने उचलून चष्म्याच्या डबीत ठेवली. स्क्रू निघाला आणि कडं आडव्या आठच्या पुढे मऊ फिरत गेलं.

भाऊंनी फोटो काढला, बघितला, आणि कॅमेरा वहिनींकडे न देता आधी माझ्याकडे दिला, तपासायला. पत्र्याच्या छपराच्या पन्हळी दिसत होत्या. ओट्यावर बाज. बाजेवर हिरव्या लुगड्यातली म्हातारी, एक गुडघा वर घेऊन बसलेली. नाकडोळे कळत नव्हते. मी मान हलवली. मी कॅमेरा वहिनींपुढे धरला आणि त्या उजव्या हाताने चित्र मोठं मोठं करत गेल्या. "आईच," म्हणाल्या, "असाच गुडघा घेते ती. बारीक झाली हो." मग एकदम थांबल्या. "अगं बाई! ही कुणाला हात करतेय?"

म्हातारीचा हात वर होता, पण तोंड आमच्याकडे नव्हतं. ती तावड्यांच्या बिल्डिंगकडे बघत होती. सात रविवार ती माऊली नेसून-सवरून तावड्यांच्या बिल्डिंगला हात करत होती. वहिनी हसायला लागल्या, हसता हसता रडायला लागल्या आणि मग आम्हाला कुणालाच काय चाललंय ते कळेना. भाऊंनी कपाटातून वहिनींची लाल साडी काढली, सगळी उलगडली आणि ग्रिलला बांधली. बाळूला फोन करून सांगितलं, "म्हातारीला सांग, लाल दिसतंय तिकडं तोंड कर."

पाच मिनिटांनी बाळूचा फोन आला. "दाजी, म्हनते लाल दिसतंय."

पुढे तो नेमच झाला. भाऊंनी कपडे वाळत घालायची ती खुर्ची मोकळी केली, वहिनींना त्यात बसवून खिडकीशी आणलं. रविवारी चार वाजता लाल साडी बाहेर, वहिनींचा उजवा हात ग्रिलमधून बाहेर, आणि भाऊ कॅमेऱ्याला डोळा लावून सांगायचे, "वळली. बघतेय. हात केला." स्क्रूसाठी त्यांनी नव्या जागी भोक पाडलं, कडं नेमकं त्या ओट्यावर येऊन अडेल असं. मग माझ्याकडे येऊन संकोचून नखांना लावायचं लाल पॉलिश मागितलं. एक थेंब, अर्धा स्क्रूवर आणि अर्धा धातूवर. "आता हे माझं सेटिंग. याला हात लावायचा नाही," म्हणाले. बाटली परत केली तेव्हा ती पुसून, झाकण घट्ट करून दिलेली होती.

दोन वर्षं हे चाललं. मग वहिनींना दुसरा झटका आला आणि त्या गेल्या. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना खाली आणलं. वळणावर कुणाचंही कोपर अडकलं नाही. मला तेव्हा फार रडू आलं.

बाळू आला होता. त्याने भाऊंचे हात धरले. "दाजी, म्हातारीला नाय सांगायचं. सांगितलं तर ती आठ दिस नाय काढायची. मी सांगीन, सुमनचा आवाज गेला, फोनवर बोलता येत नाय." भाऊंनी विचार केला. ज्यांनी आयुष्यात कुणाला तीन मिलिमीटरचीसुद्धा सूट दिली नाही, ते म्हणाले, "चालेल."

पुढच्या रविवारी मी चहा घेऊन वर गेले तर ग्रिलला लाल साडी बांधलेली होती.

त्यांचा मुलगा प्रशांत पुण्याला असतो. त्याने पुष्कळ सांगितलं, बाबा इथे कशाला एकटे, तिकडे चला, लिफ्ट आहे, बाग आहे. भाऊ दरवेळी म्हणायचे, बघू. एकदा त्याने मला मध्ये घातलं. मी भाऊंना स्पष्ट विचारलं, "वहिनींसाठी अडकून होतात ते समजलं. आता कशासाठी? म्हातारी नव्वदीला आली. तुम्ही सत्तरीला याल. रविवार काही संपायचे नाहीत."

ते लेन्सचा तो लाल ठिपका अंगठ्याने चाचपत होते. "मॅडम, सुमनने मागितलं म्हणून मी दुसऱ्याचा ठिपका फोडला. स्वतःचा कोणासाठी फोडू?" मग, "मला जावंसं वाटतं हो. खरंच वाटतं. हा जिना मला आवडत नाही." एवढं उघड ते माझ्याशी तेव्हाच पहिल्यांदा बोलले. मी चहाचे कप उचलून खाली आले.

पुढे मी निवृत्त झाले आणि बहिणीजवळ राहायला निघाले. सामानाचा टेम्पो भरला तो रविवार होता. भाऊंचा निरोप मी सकाळीच घेतला होता. त्यांनी मला पहिली रिंग दिली, ती सुंदर आणि बिनकामाची. टेम्पोवाला दोऱ्या आवळत होता तेवढ्यात मी नदीच्या बाजूला जाऊन वर पाहिलं. चार वाजले होते. ग्रिलला लाल साडी होती, विटलेली, पण लाल. कापलेल्या चौकोनातून लेन्स बाहेर आलेली, तिच्याखाली भाऊंचा डावा हात. उजवा हात ग्रिलमधून कोपरापर्यंत बाहेर होता आणि सावकाश हलत होता.

मी हाक मारणार होते. मग लक्षात आलं की कॅमेऱ्याचं बटण उजव्या बाजूला असतं, म्हणजे ते फोटो काढत नव्हते. वहिनींचा उजवाच हात चालायचा.